मांजरा धरणात शिडाची होडी उतरवायचीय, रॅम्प नाही, काठाला मांडीएवढा गाळ. कसं करावं?

मांजराकाठी

राम राम मंडळी. मी कळंब तालुक्यातला. दहा-अकरा वर्षं हैदराबादला नोकरी केली, तिथं हुसेन सागरवर शिडाची होडी चालवायला शिकलो आणि किडा लागला तो लागलाच. आता गावी परत आलोय तर येताना एक जुनी लेझर घेऊन आलो. छोट्या हत्तीत घातली, मागं सहा-सात फूट बाहेर लोंबत होती, लाल फडकं बांधलेलं, रस्त्यात तिघाचौघांनी विचारलं की विमानाचा पार्ट आहे का. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लेझर म्हणजे एका माणसाची होडी, लांबी ४.२३ मीटर, नुसत्या होडीचं वजन ५९ किलो, पण माझी जुनी आहे, आत पाणी पिऊन पिऊन ती आता ६५ च्या पुढं गेली असणार. डोलकाठी ॲल्युमिनियमची, दोन तुकड्यांत, जोडली की सहा मीटरच्या वर जाते.

हैदराबादला काय, क्लबाचा सिमेंटचा उतार, गाड्यावर होडी ठेवायची, ढकलत न्यायची, दोन मिनिटात पाण्यात. इथं मांजरा धरण भरलंय, पाणी बघून जीव खुळा होतोय, आणि पाण्यापर्यंत जायलाच वाट नाही. आमच्या बाजूचा काठ म्हणजे आधी बेशरमाचं रान, मग साठ-सत्तर फूट काळा गाळ, मग गुडघाभर पाणी लांबपर्यंत.

गेल्या रविवारी चार चुलतभावांना घेऊन उचलून न्यायचा प्रयत्न केला. निम्म्यात गेलो आणि डाव्या बाजूचा मांडीपर्यंत आत गेला, त्यानं होडी सोडली, बाकीच्यांच्या हातातनं सुटली, नाकावर पडली. खाली नेमका एक दगड. नाकाचा वरचा पांढरा थर उडाला, रुपयाएवढा. भावाची चप्पल अजून तिथंच आहे, मिळाली नाही. वडील बांधावर उभे राहून सगळं बघत होते, काही बोलले नाहीत, संध्याकाळी जेवताना फक्त एवढंच म्हणाले की तेवढ्या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या.

तर प्रश्न असा की रॅम्प नसताना अशा काठावरनं होडी पाण्यात घालायची कशी? सिमेंटचा उतार बांधायला मी काही परवानगी मागणार नाही आणि कोणी देणारही नाही. दोन माणसात, फार तर तिघात जमलं पाहिजे, कारण चुलतभाऊ आता येत नाहीत.

बिनधास्त बीड

ट्रॅक्टर लावा दादा, ट्रॉलीत होडी टाकायची आणि रिव्हर्स घेत पाण्यात. काय अवघड आहे त्यात?

गाळपेरवाला

बीडवाल्या भावा, त्या काळ्या गाळात ट्रॅक्टर घाल एकदा आणि मला बोलव, मी दुसरा ट्रॅक्टर घेऊन येतो ओढायला आणि मग तिसरा बोलवू दोघांना ओढायला. हे आमच्याकडं दर दोन-चार वर्षाला कोणीतरी करतंच.

मांजराकाठी दादा, तुमच्या पलीकडच्या काठाला केज तालुक्यात आमची जमीन हाय, गेली ती धरणात आणि उरली ती काठावर. पाणी उतरलं की गाळपेर करतो, हरभरा-टरबूज, म्हणून काठ पायाखालचा हाय. तुम्ही चुकला कुठं सांगू का? तुम्ही जागा निवडलीच नाही, घराच्या जवळचा काठ धरला. काठ सगळीकडं सारखा नसतो. नुसतं जनावरं बघा. म्हशी गाळात बसतात ती जागा सोडा, पण गाई-बैल जिथं रोज पाणी प्यायला उतरतात तिथं जमीन टणक असते, बैल शहाणा असतो, जिथं खूर रुततो तिथं तो जातच नाही. तिथं मुरूम वर आलेला दिसंल.

आणि दुसरी गोष्ट, ही कोणाच्या ध्यानात येत नाही. धरण झालं तेव्हा नुसती रानं बुडाली नाहीत, रस्ते पण बुडाले. जुन्या गावाचा रस्ता सरळ पाण्यात जातोय अशा जागा मांजराला दोन्ही बाजूला हायेत. खडीचा, दबाई केलेला, बैलगाडीनं शंभर वर्षं दाबलेला. तो तुमचा रॅम्प. फुकटचा.

मला कसं माहीत? २०१६ ला मांजरा पार कोरडं पडलं होतं ध्यानात आसंल, एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या साली. तेव्हा म्या त्या बुडालेल्या रस्त्यावरनं मोटारसायकल घेऊन धरणाच्या पोटात गेलो होतो. जुन्या विहिरी बघितल्या, घरांची जोती बघितली, एक आडाचं दगडी तोंड अजून तसंच. ते सगळं आता पाण्याखाली हाय. तुम्ही त्याच्यावरनं होडी चालवणार हाय एवढं ध्यानात असू द्या.

फौजी काका नांदेड

गाळपेरवाले, तुम्ही लाखाची गोष्ट सांगितली. मी फौजेत असताना सिकंदराबादला शीड शिकलो, आता निवृत्त होऊन नांदेडला आहे, एक प्लायवूडची होडी स्वतः बनवली आहे आणि विष्णुपुरीच्या वरच्या बाजूला मधून मधून घालतो. आमच्याकडे तुमच्या उलट अडचण. गोदावरीचा काठ उभा, दहा-बारा फूट मातीची दरड, खाली लगेच खोल पाणी. तिथे मी दोन लांब फळ्या टाकतो, वरच्या बाभळीला दोराचे दोन वेढे देतो आणि होडी शेपटीकडून सोडतो. दोन वेढ्यांना एवढं घर्षण येतं की माझ्यासारखा पासष्टीचा माणूस एका हाताने दोर सोडत जातो. वर घेताना मात्र दोन पोरं लागतातच.

मांजराकाठी, आता तुमचं बघू. पहिलं म्हणजे उचलून न्यायचं डोक्यातून काढा. गाळात माणसाचं वजन आणि होडीचं वजन एकाच तळव्यावर येतं, म्हणून रुतलात. सगळं वजन पसरायचं, हा एकच मंत्र.

गाडा घरी बनवा. इंचाचा जीआय पाईप, स्कूटरची दोन जुनी चाकं भंगारातून आणा, टायरमधली हवा निम्मी सोडा म्हणजे टायर चपटा होऊन जास्त जागा धरतो. हातगाड्याची बारीक चाकं लावू नका, ती गाळ सुरीसारखी कापतात. होडीचा तळ गाड्याच्या पाईपवर टेकवायचा नाही हे नीट ऐका, लेझरचा तळ मधे मऊ असतो, तीन-चार महिन्यात तडा जातो. दोन्ही बाजूंना खुंट्या उभ्या करा आणि त्यांच्यामध्ये बाजेची नवार झोळीसारखी ताणून बांधा. होडीच्या वरच्या कडा खुंट्यांवर टेकतील आणि पोट नवारीत बसेल. बाजारात मिळणारे चांगले गाडे ह्याच पद्धतीचे असतात, फक्त पट्टा वेगळा.

एक सावधगिरी. आमच्या एकाने ट्रकच्या ट्यूबचा गाडा केला होता, फुगवून. गाळावर मस्त गेला, पाण्यात गेल्यावर ट्यूबच तरंगायला लागल्या, होडी सुटेना, गाडाच होडीला घेऊन निघाला आणि एका बाजूला कलंडला. स्कूटरच्या चाकाचा लोखंडी गाडा खाली बसतो, होडी आपोआप वर येते. तेच बरं.

गाळाच्या पट्ट्यावर काय अंथरायचं ते गाववाले सांगतील, माझ्याकडे फळ्याच आहेत.

मांजराकाठी

काका, गाळपेरवाले दादा, दोघांचे पाय धरतो. नवारीची आयडिया जबरदस्त आहे, आमच्या माळ्यावर आजीची बाज आहेच. फक्त आईला विचारावं लागंल.

अंथरायचं म्हणाल तर मी सोयाबीनचं भुसकट टाकून बघितलं होतं, आत्ताच मळणी झालीय म्हणून ढीग पडलेत. दोन पोती टाकली. चिखलानं गिळलं आणि वर काही नाही, उलट जास्त घसरायला लागलं.

आणि काका, एक विचारायचंय. लेझरचं शीड मोज्यासारखं डोलकाठीत घालावं लागतं ना, वर ओढायचं-खाली घ्यायचं नसतं. मग शीड काठावर उभं करू की पाण्यात? काठावर केलं तर वारा होडीच उचलतोय.

गाळपेरवाला

भुसकट नाही हो दादा. गेल्या सालच्या तुराट्या असतील ना घरामागं सरपणाच्या, त्याच्या तट्ट्या करा, कुडाला करतो तशा. दोन हात रुंद, चार हात लांब, सुतळीनं तीन जागी आवळून. वाटंला आडव्या टाकायच्या, उभ्या नाही. चार तट्ट्या पुरतात, मागची उचलायची पुढं टाकायची. पऱ्हाट्या पण चालतात पण त्या टोचतात आणि तुमची होडी फायबरची.

आणि वर घ्यायचं काय ते कोणीच बोलंना. खाली कोणीबी नेतंय. तीन तास पाण्यात ऊन खाऊन आल्यावर पाय थरथरायला लागतात तेव्हा ती ६५ किलोची होडी, ओली, आत बादलीभर पाणी, चढावर घ्यायची हाय. ते आधी ठरवा मग खाली न्या.

आमचा बेत सांगतो. टणक जमिनीत पहार ठोकायची, सरळ नाही, पाण्याच्या उलट बाजूला कलती. काळी माती ओली असली तर एक पहार उपटून येती, मग तिच्यामागं दोन हातावर दुसरी ठोकायची आणि पहिलीच्या शेंड्यापासून दुसरीच्या बुडाला दोर आवळायचा. विहिरीवरची कप्पी गाड्याला बांधा. दोराचं एक टोक पहारीला, दोर खाली कप्पीतनं घालून परत वर तुमच्या हातात. जोर निम्मा लागतो, दोर दुप्पट लागतो. साठ फुटाचा गाळ म्हणजे सव्वाशे-दीडशे फूट दोर घ्या. दोर होडीच्या नाकातल्या कडीला बांधू नका, गाड्याला बांधा.

फौजी काका नांदेड

बरोबर, लेझरच्या नाकातली कडी फक्त होडी बांधून ठेवायला असते, चिखलातून ओढायला नाही.

शिडाचं. तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर वाऱ्यावर आहे. आधी काठावर दहा मिनिटं नुसते उभे रहा. वारा तुमच्या पाठीकडून पाण्याकडे जातोय की पाण्याकडून तोंडावर येतोय?

वारा पाण्याकडून तोंडावर येत असेल तर लाटा काठावर येतात आणि होडीला परत ढकलतात. खालची फळी, म्हणजे मधल्या खाचेतली, ती पूर्ण खाली टाकायला पाणी पुरेसं खोल लागतं, आणि तुमच्याकडे गुडघाभर पाणी लांबपर्यंत आहे. फळी वर असली की होडी वाऱ्यावर चढत नाही, आडवी सरकते, सरकत सरकत परत बेशरमात. अशा वेळी चालत जायचं. खरंच, होडीचं नाक धरून वाऱ्याकडे तोंड करून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जायचं आणि मग चढायचं. पायात चप्पल नको, जुने कॅनव्हासचे बूट घट्ट नाडी बांधून, कारण खाली शिंपले आणि तुटक्या बाटल्या असतात.

वारा पाठीवरून येत असेल तर निघणं सोपं आणि येणं अवघड. काठाजवळ पाणी शांत दिसतं, फसू नका, आत अर्धा किलोमीटर गेल्यावर खरा वारा कळतो. पहिल्या दिवशी असा वारा असला तर जाऊच नका.

शीड कुठे चढवायचं, तर गुडघाभर पाण्यात होडी तरंगत असताना, नाक वाऱ्याकडे, एकजण नाक धरून उभा. डोलकाठी होडीतल्या तिच्या भोकात सरळ उभी उतरवायची, तिरकी घातली तर भोकाची कड फाटते आणि मग होडीत कायमचं पाणी. लेझरला बाजूचे तार-दोर नाहीत म्हणून एक फायदा आहे, शिडाच्या खालची आडवी काठी पूर्ण पुढे जाऊ शकते. शीड ओढून धरायच्या मागच्या दोराच्या टोकाची गाठ काढून ठेवली तर वारा मागून आला तरी शीड झेंड्यासारखं पुढे फडफडतं, होडी पळत नाही. काठाला येताना हे फार कामाला येतं. आणि डोलकाठी होडीला एका छोट्या दोरीने बांधा, नाहीतर उलटल्यावर ती भोकातून निसटते.

उलटल्यावरून आठवलं. तुमच्याकडे पाणी सात-आठ फूट आणि डोलकाठी वीस फूट. होडी पूर्ण पालथी झाली तर काठीचं टोक गाळात रुततं. घाबरून जोरात ओढायचं नाही, काठी वाकते. फळीवर उभं राहून अंग मागे टाकायचं आणि थांबायचं, गाळ हळूहळू सोडतो. लाईफ जॅकेट घालूनच हे सगळं, पोहता येतं म्हणून नको हे ऐकणार नाही.

तारतंत्री

मी होडीतला नाही, लाईनमनच्या कामात अठरा वर्षं घातलीत, म्हणून राहवत नाही, लिहितो.

तुम्ही सगळे डोलकाठी डोलकाठी करताय, वीस फूट ॲल्युमिनियम, आणि धरणाकाठी वर बघितलंय का कोणी? मोटारींसाठी काठाकाठानं लाईन गेलेली असते, ११ केव्हीची पण असते. धरण भरलं की पाणी खांबाच्या बुडाशी येतं, तारांचं अंतर जमिनीपासून होतं ते आता पाण्यापासून कमी होतं. कुठं कुठं तार झोळ खाऊन आणखी खाली आलेली असते. ॲल्युमिनियमची काठी उभी धरून चालत जाणारा माणूस म्हणजे माझ्यासारख्याला रात्री झोप न येऊ देणारी गोष्ट आहे. तारेला चिकटायचीच गरज नाही, जवळ गेली तरी पुरे. काठी आडवी न्या, जिथं डोक्यावर काहीच नाही तिथंच उभी करा.

दुसरं, पाण्यातल्या मोटारीच्या केबली. शेतकरी पाणी उतरलं तशी मोटार पुढं पुढं सरकवतात, केबलला जोड देतात, जोडाला टेप, कधी नुसती प्लास्टिकची पिशवी. गुडघाभर पाण्यात चालत जायचंय ना तुम्हाला? मग जिथं पाण्यात पाईप आणि काळी वायर जाताना दिसली त्या बाजूला उतरूच नका. रस्ता बदला.

मांजराकाठी

बापरे. तारतंत्री भाऊ, खरं सांगतो, वर बघितलंच नव्हतं. आज मुद्दाम जाऊन आलो. आम्ही पडलो त्या जागेपासून तीस-चाळीस पावलांवर लाईन आहे. त्या दिवशी काठी गाडीतच ठेवली होती म्हणून बरं.

नाथसागर पाखरं

वाचतेय सगळं, मजा आली, विशेषतः म्हशी आणि गाईंचा फरक! मी पैठणची, पक्षी बघते. ह्या धाग्यावर कोणीतरी लवकरच म्हणणार की मांजरा कशाला, जायकवाडीला या, म्हणून आधीच सांगते.

बिनधास्त बीड

तेच लिहायला आलो होतो ताई. मांजरा किती, एकूण २२४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यात ४७ तर मृतसाठा. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं पाणी, तो तर समुद्र! दहा किलोमीटरचा तर नुसता बांध आहे, वारा बघा कसला असतो तिथं.

नाथसागर पाखरं

समुद्रच आहे, पण १९८६ पासून पक्षी अभयारण्य पण आहे. तिथं वनविभागाला न विचारता होडी घालायची नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी बघा ना, तुम्हाला होडी उतरवायला जो उथळ काठ हवाय, घोट्याएवढं पाणी, मऊ गाळ, तोच काठ पाखरांना हवाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चक्रवाक, पट्टकादंब, रोहित तिथंच चरतात. एक शीड आलं की आख्खा थवा उठतो आणि लांब जाऊन बसतो, लांब उडून आलेली पाखरं ती, त्यांना असं दहा वेळा उठवलं की खायचं कधी. मच्छीमारांच्या चप्पूला ती सरावलीत, थर्माकोलवर बसलेला माणूस हळू जातो, खाली असतो. वीस फुटाचं पांढरं फडफडणारं शीड वेगळं.

मांजराला पण पाखरं असतात हं. थवा बसलेला दिसला तर लांबनं वळसा घालाल ना?

मांजराकाठी

घालणार ताई, नक्की. आणि परवानगीचं पण केलं. धरणावरच्या शाखा कार्यालयात अर्ज दिला, तिथल्या साहेबांनी दोनदा वाचला आणि विचारलं, इंजिन नाही? म्हटलं नाही. मग म्हणे चालते कशी. टेबलावरचा कागद घेऊन समजावून सांगितलं, पंधरा मिनिटं गेली, चहा मागवला त्यांनी. अट एवढीच घातली की बांध, दरवाजे आणि पाणी उचलायचा टॉवर यांच्या जवळपास फिरकायचं नाही. मच्छीमार संस्थेच्या लोकांनाही भेटलो. ते म्हणाले आमच्या जाळ्यांवरनं जाऊ नको बास. जाळ्याला वर थर्माकोलचे किंवा बाटल्यांचे तुकडे तरंगतात ते बघून जायचं, आणि तुझी ती खालची फळी अडकली तर जाळं कापायचं नाही, आम्हाला हाक मारायची.

गाळपेरवाला

हे बेस केलं. भोयांना न विचारता पाण्यात गेला असता तर पुढच्या खेपंला कोणी हाक ऐकली नसती.

मांजराकाठी

मंडळी, झालं! काल उतरवली. सविस्तर लिहितो कारण तुमच्यामुळंच झालंय.

गाळपेरवाल्या दादांनी फोनवर खुणा सांगितल्या त्या धरून बुडालेला रस्ता शोधला. घरापासून चार किलोमीटर निघाला. दोन्ही बाजूला बाभळी आणि मधे सरळ पट्टा पाण्यात जातोय, एवढ्या वर्षात मी तिथनं किती वेळा गेलो असंन, कधी लक्षात नाही आलं की हा रस्ता आहे. आधी काठी घेऊन एकटा चालत गेलो. पायाखाली खडी लागते, वर चार बोटं गाळ, बास. चाळीस पावलं कमरेपर्यंत. तिथनं पुढं डाव्या बाजूला काठी एकदम आत गेली, नळकांडी पूल असणार जुना, तिथं एक उंच बांबू रोवून त्याला लाल कापड बांधलं.

गाडा गावातल्या वेल्डरनं केला. तो विचारत होता तिरडी आहे का. नवार आजीच्या बाजेची, आई म्हणाली घे पण त्या बाजेवर तुझे वडील जन्मले एवढं लक्षात ठेव. वडील पण आले, बांधावर न थांबता खाली आले, पहार त्यांनीच ठोकली, माझी ठोकलेली त्यांना पसंत पडेना.

वारा ईशान्येकडून, हलका, तिरका काठावर. पुतण्यानं नाक धरलं, काठी उभी केली, वर तीनदा बघून. सुकाणूचं पातं वर, फळी अर्धी. चालत कमरेएवढ्या पाण्यात आणि उडी. पहिल्या दोन मिनिटात ती खरंच आडवी सरकली, काका म्हणाले तशी, बांबूच्या दिशेनं, माझा जीव वर. मग पाणी खोल झालं, फळी पूर्ण खाली गेली आणि ती एकदम सरळ झाली, जणू कोणी हात धरला. पावणेदोन तास होतो. धरणाच्या मधोमध गेल्यावर गावातल्या देवळाचा भोंगा ऐकू येत होता आणि पाण्याचा आवाज, दुसरं काही नाही.

येताना चार वाजता वारा पडला. पूर्ण. अर्धा तास हातानं पाणी मारत आलो, वल्हं घ्यायला विसरलो होतो. ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं हां.

वर घेताना कप्पी, दोन पहारी, वडील आणि पुतण्या दोरावर, मी मागं. तट्ट्या दोनच लागल्या, खडीमुळं. अकरा मिनिटं लागली, पुतण्यानं मोबाईलवर टायमिंग लावलं होतं. पण होडी उतरवली तेव्हापेक्षा खूपच जड लागत होती. घरी आणून मागचं बुच काढलं तर आतनं पाणी येतच राहिलं, दोन बादल्या भरल्या. बुच तर घट्ट लावलं होतं मी. मग कुठनं आलं?

फौजी काका नांदेड

अभिनंदन! वल्ह्याचं माझं चुकलं, इतकं सवयीचं आहे की सांगायचं राहिलं.

दोन बादल्या म्हणजे तीस लिटर, पावणेदोन तासात बरंच झालं. शक्यता तीन. एक, बुचाची रबरी रिंग जुनी होऊन कडक झाली असेल, ती बोअरवेलच्या सामानाच्या दुकानात मापाची मिळते, बुच घेऊन जा. दोन, डोलकाठीच्या भोकाचा तळ. ते भोक पाण्याने भरून ठेवा, तासाभराने पातळी उतरली तर तिथेच फुटलंय आणि ते दुरुस्त केल्याशिवाय अजिबात परत जायचं नाही, कारण एक दिवस काठी तळ फोडून खाली जाते. तीन, तुमचं ते रुपयाएवढं नाक. पांढरा थर उडाला आणि खालचं फायबर उघडं पडलं तर ते पाणी पितं, पण इतकं नाही. तरी भरून घ्या.

आधी भोक तपासा. आजच.

मांजराकाठी

भरून ठेवलंय काका. पेनानं खूण केलीय. अर्धा तास झाला, अजून जागची हललेली नाही.

गाळपेरवाला

मग बुचच हाय. आणि दादा, तो लाल कापडाचा बांबू तसाच ठेवू नका, फेब्रुवारीपर्यंत पाणी मीटरभर तरी उतरतंय आणि आपल्या काठाला उतार शंभराला एक धरला तर काठ शंभर मीटर मागं जातोय. तुमचा बांबू तेव्हा कोरड्यात आसंल आणि पुढचा दुसरा पूल पाण्यात. म्या येतो एका रविवारी, मोजून ठेवू.